अक्काचं गेलं, माझं ऱ्हायलं

मांडवात माईकवरून माझं नाव पुकारलं. पूर्ण नाव. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. मला वाटलं बक्षीस लागलं.

खरंच तसं वाटलं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शाळेच्या मैदानात मांडव, खाली सतरंज्या, पुढं खुर्च्या. आमच्या गावचे पुढारी म्हणजे साहेब, त्यांच्या पत्नीनं ठेवलेला कार्यक्रम. त्यांना सगळं गाव वहिनीसाहेब म्हणतं. थोड्या दिवसांमागं त्यांनीच ह्या शाळेच्या खोलीत बायांची तपासणी ठेवली होती, गर्भपिशवीच्या तोंडाची. आत बारीक ब्रश फिरवून नमुना घेतला होता. आज त्याचा निकाल होता, सोबत हळदीकुंकू, आणि वाण म्हणून स्टीलचा डबा.

मी उठून उभी राहिले. पदर सावरला. हसतसुद्धा असेन.

मग अक्काचं नाव पुकारलं. अक्का माझी थोरली बहीण. आणि थोरली जाऊपण. एका घरच्या दोन भावांना आम्ही दोघी बहिणी दिलेल्या. एकच चूल, एकच मोरी, एकच सासू.

अजून दोन-चार बाया उठल्या. मग माईकवरचा माणूस म्हणाला, "ज्यांची नावं घेतली त्यांनी ह्या बाजूला या. ह्यांचा रिपोर्ट खराब आहे."

वहिनीसाहेब खुर्चीत होत्या. त्यांनी आमच्या दोघींकडं बघितलं आणि हसून मोठ्यानं म्हणाल्या, "एकाच घरातल्या दोघी? काय गं, घरात चाललंय तरी काय?"

मांडव हसला.

ज्यांच्याबरोबर मी टँकरला घागर लावते त्या बाया हसल्या. त्यांना दोष देत नाही. हसलं नाही तर पुढचं नाव आपलं निघेल, असं वाटत असतं माणसाला.

मग शहरातून आलेला खाजगी डॉक्टर बोलायला उठला. पांढरा शर्ट, हातात अंगठ्या. म्हणाला, "हा विषाणू संबंधातून येतो. स्वच्छता पाळा. चारित्र्य सांभाळा. एवढं केलं तरी पुष्कळ."

टाळ्या पडल्या.

वहिनीसाहेब करंडा घेऊन रांगेनं हळदीकुंकू लावत आल्या. आमच्यापाशी थांबल्या. मागच्या पोरीला म्हणाल्या, "ह्यांना नुसता डबा दे." आणि पुढं गेल्या.

डबा मी घेतला. का घेतला कुणास ठाऊक. हात आपोआप पुढं झाला. गरिबाचा हात असाच असतो, कुणी काही देतंय म्हटलं की पुढं जातो.

अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझी करंगळी धरली होती. लहानपणी डोंगरात मेंढरांमागं जाताना धरायची तशी.

आम्ही मेंढरंवाले. पाटोद्याच्या बाजूचं आमचं गाव, सगळी बरड जमीन. दिवाळी झाली की पुरुषमाणसं मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरतात, ते पाऊस तोंडावर आला की परततात. बाया कधी बरोबर जातात, कधी घरी राहतात. लेकरांच्या शाळेसाठी आम्ही दोघी घरी राहत होतो. अक्का रोजानं रानात जायची. मी वहिनीसाहेबांच्या संस्थेच्या वसतिगृहात भाकरी थापायची.

घरी पोचलो तर बातमी आमच्याआधी पोचलेली. सासू दारातच बसली होती. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो. तिनं आम्हाला आत जाऊ दिलं, पाणी पिऊ दिलं. मग बोलली.

"माझी दोनी पोरं दिवाळीपसून रानात हायत. मंग ह्यो रोग घरात आला कुटून?"

मला माहीतच नव्हतं कुठून आला. मला एवढंच माहीत होतं, की नवऱ्याशिवाय मी कुणाच्या अंगाला अंग लावलं नाही. पण हे तोंडानं सांगायचं म्हणजे काय? चोरी केली नाही हे चोरानं सांगायचं तसं. आपण सांगायला लागलो की समोरचा अजून नीट बघतो.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहात गेले. चुलीपुढं दुसरीच बाई बसलेली. वहिनीसाहेब तिथंच उभ्या. गोड आवाजात म्हणाल्या, "लेकरांचा प्रश्न आहे गं. तू बाहेरची भांडी घास."

हा रोग पिठातून जात नाही. भाकरीतून जात नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्यांना कळत होतं का, ते देवाला ठाऊक. मी गप्प बाहेर गेले आणि हौदाजवळ बसले. भांडी घासली. त्या दिवशी घासली, त्याच्या दुसऱ्या दिवशी घासली. पुढं दीड वर्ष घासत होते. मी घासलेलं पातेलं आतली बाई माझ्यादेखत पुन्हा विसळून घ्यायची. पहिल्यांदा मी तोंड फिरवलं. नंतर काही वाटेना. माणूस कशालाही सरावतं, ही चांगली गोष्ट आहे असं म्हणतात. मला नाही वाटत.

त्या अंगठ्यावाल्या डॉक्टरचं शहरात स्वतःचं हॉस्पिटल होतं. त्यानं निरोप पाठवला. मग आम्ही तिघी गेलो, सासूपण. तो कागद बघून म्हणाला, "पिशवी काढून टाका. लेकरं झालीत ना? मग ठेवून करायचंय काय?"

सासूला पटलं. आमच्याकडं बाईची पिशवी म्हणजे अक्कलदाढ. दुखली, काढा. नाही दुखली तरी काढा, पुढं दुखेल. मी अशा बाया बघितल्या होत्या. तिशीच्या आत पिशवी काढलेल्या. कंबर धरून चालतात, अंगाची आग आग होते, उसाची मोळी उचलता येत नाही म्हणून मुकादमाच्या शिव्या खातात. माझ्या माहेरच्या गल्लीत तीन घरं सोडून एक होती. ती म्हणायची, "पिशवी गेली, दुखनं हितंच हाय."

मी अक्काला म्हणाले, "म्या न्हाई काढणार. आपुन अंबाजोगाईला जाऊ."

अक्का म्हणाली, "चल."

तेव्हा ती तशीच होती. चल म्हटलं की चल.

पाटोद्याहून एष्टी, मांजरसुंब्याला बदलायची, मग केज, मग अंबाजोगाई. सगळा दिवस जातो. अक्काला गाडी लागते. खिडकीला डोकं टेकवून ती डोळे मिटून बसायची, मी पिशवीत लिंबू घेऊन.

तिथली डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढी. तिनं पडदा ओढला. मग मला विचारलं, "तपासू का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाळंतपणात नाही, शिबिरात नाही. नवऱ्यानंपण नाही.

तिनं आत आंबट वासाचं पाणी लावलं. खराब जागा असली की त्यानं पांढरी दिसते म्हणे. बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. अक्काचंही तसंच. पुढच्या खेपेला निकाल सांगितला. दोघींना विषाणू आहे, दोघींना थोडा बदल आहे, कॅन्सर नाही.

"पिशवी काढायची गरज नाही," ती म्हणाली. "बहुतेक बायकांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी होतो. शिकलेल्या, न शिकलेल्या, सगळ्यांना. आणि बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप घालवतं. वर्षभर थांबू. पण वर्षानं यायचं. नाही आलात तर मी रागवेन."

मी विचारलं, "नवरा रानात असताना कसा आला?"

"कधी आला हे कुणालाच सांगता येत नाही. वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो. तुमच्या लग्नाच्या वर्षी आला असेल. नवऱ्याकडून आला असेल, आणि त्यालाही माहीत नसेल."

परतीच्या गाडीत मी हे सासूला कसं सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते. घरी आल्यावर सांगितलं. सासू म्हणाली, "म्हंजी माझ्या पोरावर ढकललं." आणि उठून शेळीला पाला टाकायला गेली.

वर्ष गेलं. वर्ष कसं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. भांडी, भाकरी, लेकरं, एष्टी. नवरा आला आणि पुन्हा मेंढरं घेऊन गेला. त्यानं कधी माझ्यावर हात उगारला नाही. पण आईलाही कधी गप्प केलं नाही.

वर्षानं पुन्हा दोघी अंबाजोगाईला गेलो. पुन्हा पडदा, पुन्हा नमुना. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईनं अक्काला आधी बोलावलं. अक्का बाहेर आली ती रडत, हसत.

"माझं गेलं गं," ती म्हणाली. "समदं गेलं. म्हनली, काईच न्हाई आता."

मी तिला घट्ट धरलं. खरंच आनंद झाला होता. मग मला आत बोलावलं.

माझं गेलं नव्हतं. माझं वाढलं होतं. अजून कॅन्सर नव्हता, पण असंच सोडलं तर पुढं होऊ शकतो, असा बदल होता. आता तेवढा भाग काढावा लागणार.

मी बाहेर आले. अक्कानं माझं तोंड बघून ओळखलं. तिनं विचारलं, "तुजं कावून ऱ्हायलं गं?"

तिनं मायेनंच विचारलं होतं. पण तो प्रश्न माझ्या अंगात जाऊन बसला. कावून राहिलं? दोघी एका आईच्या. एका ताटात जेवलेल्या. एकाच घरात दिलेल्या. अक्का मिश्री लावते, मी कधी तंबाखूला बोट लावलं नाही. उलट डॉक्टरीणबाई सांगते, तंबाखूनं हा रोग चिवट होतो. मग तिचं जावं आणि माझं राहावं?

परत येताना कपिलधारच्या फाट्यावर अक्का उतरली. तिनं नवस बोलला होता. नारळ फोडून मागच्या गाडीनं येते म्हणाली. मी उतरले नाही. मला फेडायचं काही नव्हतं.

घरी सासू वाटच बघत होती. "दोघी एकाच घरातल्या," ती म्हणाली. "ती सुटली, तू न्हाई. कायतरी केलंच आसशील."

बघा. वर्षभरापूर्वी दोघींवर आळ होता. आता तिचं सुटणं हाच माझ्यावरचा पुरावा झाला.

भाग काढायला गेले तेव्हा एकटीच गेले. अक्काला रोज बुडवायचा नव्हता. सुई दिली, गरम तारेनं तेवढं काढलं. जळल्याचा वास आला. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होती. मी पडल्या पडल्याच विचारलं, "म्याडम, आमी दोघी एका आईच्या. तिचं गेलं, माझं कावून ऱ्हायलं?"

तिला घाई होती. बाहेर बाया बसल्या होत्या. तरी ती स्टूल ओढून बसली.

"बाहेरचं काही अंगात शिरलं की शरीराला ते ओळखावं लागतं," ती म्हणाली. "विषाणूचा एक तुकडा धरून शरीर स्वतःच्या शिपायांना दाखवतं, की हा परका आहे, ह्याला काढा. तो तुकडा धरण्याची घडण प्रत्येकीची वेगळी असते. अर्धी आईकडून येते, अर्धी वडिलांकडून. सख्ख्या बहिणींतसुद्धा वाटणी सारखी होईलच असं नाही. अक्काच्या वाट्याला आलेल्या घडणीनं हा विषाणू नीट धरला असेल. तुमच्या घडणीला तो धरता आला नसेल."

"म्हंजी माझं रक्त हलकं?"

"अजिबात नाही. दुसरा एखादा रोग तुमचं शरीर अक्कापेक्षा चांगला धरत असेल. सगळ्यांची घडण एकसारखी असती तर एका साथीत सगळी माणसं गेली असती." मग म्हणाली, "आणि हे एकच कारण नसतं. पुष्कळ कारणं असतात. तुमच्यात नेमकं काय झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुमच्या वागण्यामुळं ते राहिलं नाही. हे छातीठोक सांगते."

गाडीत मी आमच्या कुत्र्यांचा विचार करत होते. एका कुत्रीची दोन पिल्लं आमच्या बापानं मेंढरांवर ठेवली होती. एकाला लांडग्याचा वास लांबूनच यायचा, ते आधीच उठून गुरगुरायचं. दुसरं लांडगा कळपात शिरेपर्यंत झोपून. पण सापाला तेच आधी ओळखायचं. बापानं कधी त्याला लाथ मारली नाही. कधी म्हणाला नाही, की तुझी जातच वाईट.

लई दिवसांनी मोकळा श्वास घेतला त्या दिवशी. मला वाटलं, आता हे घरी सांगितलं की मिटलं.

पाऊस तोंडावर आला आणि नवरा परतला. मी त्याला सगळं सांगितलं. तो अंगणात बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला बी व्हता का मंग ह्यो रोग?"

"आसंल. पुरुषाला कळत न्हाई."

तो उठून मेंढरांकडं गेला. सासू आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "जल्माचंच म्हनली ना डॉक्टरीन? मंग खोट माहेरची हाय. आमच्या घरची न्हाई."

अक्का तिथंच धान्य निवडत होती. तिचंही तेच माहेर. तिनं मान वर केली नाही. तिचं गेलं होतं ना.

मी तेव्हा इतकी थकले की भिंतीला टेकून बसले. आधी म्हणाले, चारित्र्य वाईट. ते पुसायला मी लांबून, सगळा दिवस घालवून उत्तर आणलं. तर त्याच उत्तराची त्यांनी काठी केली. सासूनं हे गल्लीत सांगितलं. गल्लीतून ते वर साहेबांच्या बंगल्यात गेलं.

श्रावणात वसतिगृह बघायला शहरातून पाहुणे आले. संस्थेला मदत करणारी माणसं. वहिनीसाहेब त्यांना फिरवत होत्या. मी हौदाजवळ, हात राखेनं भरलेले. त्यांच्यातल्या एका बाईनं माझ्याकडं बघून विचारलं, "ह्या कोण?"

"आमच्या शिबिरात सापडलेली केस," वहिनीसाहेब म्हणाल्या. "आम्हीच वाचवलं हिला. ह्या मेंढरंवाल्या लोकांच्या रक्तातच असतो हा रोग. डॉक्टरच म्हणतात आता."

माझ्यासमोर. बैलासमोर बैलाच्या दाताबद्दल बोलतात तसं.

मी पातेलं खाली ठेवलं. ठरवून नाही. हातातली ताकदच संपली होती, ते वागवण्याची. उभी राहिले.

"वहिनीसाहेब, माझ्या रक्ताचं मला डॉक्टरनं सांगितलंय. ह्यो रोग कुन्याबी बाईला व्हतो. अक्काच्या अंगानं त्याला वळखलं, माझ्या अंगानं न्हाई. आमी दोघी एका आईच्या, दोघीबी मेंढरंवाल्या. मंग रक्त कुनाचं वाईट?"

"हळू बोल. पाहुणे आहेत."

"तुमी त्या शिबिरात तपासणी केलती का?"

त्यांना आधी कळलंच नाही मी काय विचारते आहे. मग त्यांचं तोंड लाल झालं. "तू मला विचारतेस?"

"व्हय, इचारते. केलती का?"

शहरातली बाई त्यांच्याकडं बघत होती. वहिनीसाहेब म्हणाल्या, "माझा काय संबंध? मला काय गरज?"

"गरज तुमाला बी हाय," मी म्हणाले. "भिऊ नका. पडदा लावत्यात."

कुणी हसलं नाही. आतल्या बाईनं दारातून डोकं मागं घेतलं.

वहिनीसाहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, "उद्यापासून येऊ नको."

"उद्या कशाला? आताच चालले."

पातेलं तसंच अर्धं घासलेलं ठेवलं. हात धुतले. फाटकातून बाहेर आले आणि शाळेच्या भिंतीला धरून उभी राहिले. विजय वगैरे काही वाटलं नाही. वाटलं, आता उद्या सकाळी काय करायचं. आणि वाटलं, हे पहिल्याच दिवशी मांडवात का नाही बोलले. तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून. न कळणाऱ्याला गप्प करायला फार काही लागत नाही. एक माईक पुरतो.

दुसऱ्या दिवसापासून अक्काबरोबर रोजानं रानात जायला लागले.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण वहिनीसाहेब परक्या होत्या. परक्याशी भांडणं सोपं असतं.

दिवाळीच्या आधी अक्काच्या रेणूला बघायला पाहुणे येणार होते. रेणू अक्काची थोरली, बारावी झालेली. पुरुषमाणसं रानात उतरायच्या आत जमवायचं होतं. चांगलं स्थळ, बारकं पण पक्कं घर. दोन दिवस आधी रानातून येताना अक्का वाटेत थांबली. माझ्याकडं न बघता बोलली.

"पावणे यायच्या दिशी तू मेंढरांकडं जा. सांजच्याला ये."

"कावून?"

"कावून काय? तुला म्हाईत हाय कावून. माझ्यासाठी जा."

मी म्हणाले, "अक्का, तू बी माझ्याजवळ हुबी व्हतीस त्या मांडवात."

"व्हय," अक्का म्हणाली. "पण माझं गेलं."

वहिनीसाहेबांचं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं. सासूचं बोलणं भाकरीबरोबर गिळलं. पण हे गिळता येईना. ही माझी अक्का होती. माझं लुगडं नीट बसत नव्हतं तेव्हा तिनं मला नेसायला शिकवलं होतं. तिचं शरीर शहाणं निघालं, ह्यात तिची कमाई काहीच नव्हती. माझं नाही निघालं, ह्यात माझा गुन्हा काहीच नव्हता. वाटणी होती ती. आईबापानं न बघता दिलेली. तरी त्या वाटणीवरून आमच्यात भिंत उभी राहिली. ती भिंत वहिनीसाहेबांनी नाही, आम्हीच बांधली.

रात्रभर विचार केला. रेणू माझी पुतणी, माझी भाची. मी कडेवर वागवलेली. तिचं वाईट व्हावं असं मला वाटेल का? एक दिवस मेंढरांमागं जायला माझं काय जात होतं? डोंगर माझा ओळखीचा. पण मग लग्नातही जायचं नाही. बाळंतपणातही समोर यायचं नाही. मग माझ्या पल्लवीची वेळ आली की तिच्या लग्नात तिच्या आईनं कुठं जायचं? एकदा लपलं की ज्यांच्यापासून लपलो ते खरे ठरतात.

पाहुणे आले त्या दिवशी मी गेले नाही. चांगलं लुगडं नेसले. चहा मीच केला. पुढं पुढं केलं नाही, पण आत कोंडूनही घेतलं नाही. अक्का मला बघून पांढरी पडली.

मुलाची आई माझ्याकडं बघत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलंच, "तुमचीच ना वो ती तब्येत खराब व्हती?"

सासूनं घाईनं सांगितलं, "न्हाई न्हाई, ते कायबी—"

"व्हय, माझीच," मी म्हणाले. "गर्भपिशवीच्या तोंडाला खराबी व्हती. अंबाजोगाईला काढली. आता बरी हाय. तपासणीला मातर जावं लागतं. तुमी केली का कदी तपासणी?"

त्या बाईनं कपबशी खाली ठेवली. अर्धा चहा तसाच. मुलाचा बाप छताकडं बघायला लागला. रेणू माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यात राग होता की दुसरं काही, मला आजही सांगता येत नाही.

निरोप पाठवतो म्हणून गेले. निरोप आला नाही.

अक्का माझ्याशी बोलायची बंद झाली. एका चुलीवर भाकरी करतो, मीठ मागायचं तर पोरीकरवी मागते. रेणू चूक माझी म्हणते की पाहुण्यांची, तिनं सांगितलेलं नाही. नवरा मेंढरं घेऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला, "तपासणीला जा टायमाला." त्याच्याकडून एवढं आलं, तेवढं घेतलं.

माझं दुखणं अजून संपलेलं नाही. पुढच्या खेपेला काय निघेल ते डॉक्टरीणबाईलाही ठाऊक नाही. परत येऊ शकतो, असं तिनं स्पष्ट सांगितलंय. मी थकले आहे. एष्टीनं थकले, रानानं थकले, घरातल्या गप्प तोंडांनी लई थकले. पण थकलेली बाई गप्पच बसते असं कुणी ठरवलं?

पल्लवी चौदा वर्षांची आहे. सरकारी दवाखान्यात तिच्या वयाच्या पोरींना ह्या रोगाची लस द्यायला लागले. सासू आडवी आली. "लग्नाआधीच ह्या कसल्या सुया? लोकं काय म्हनतील?" मी पल्लवीचा हात धरला आणि सासूच्या बाजूनं निघाले. रस्त्यात पल्लवीनं विचारलं, "आई, ही कशाची सुई?" मी तिला सांगितलं. सगळं. नाव घेऊन. आवाज खाली न करता. बाजूनं दोन बाया चालल्या होत्या, त्या ऐकायला लागल्या. मी त्यांच्याकडं वळून तेच पुन्हा सांगितलं. त्यातली एक पुढच्या खेपेला माझ्याबरोबर अंबाजोगाईला येणार आहे. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून, हळूच विचारलं होतं. मी म्हणाले, "मोठ्यानं इचार. चोरी न्हाई केली आपुन."

माझ्या अंगाची घडण पल्लवीकडं अर्धी गेलेली असेल. कुठली अर्धी, मला माहीत नाही. उद्या तिला बघायला माणसं येतील. तेव्हा मी रानात जाणार नाही, चुलीमागं बसणार नाही. त्यांनी विचारायची वाटही बघणार नाही. दारात उभी राहून मीच आधी सांगीन. ज्यांना ऐकून चहा खाली ठेवायचा असेल त्यांनी ठेवावा आणि उठावं. तसल्या घरात माझी लेक द्यायची नाही. ती घरी राहिली तरी चालेल.